निभावचा हुरडा

सकाळी सकाळी पद्मजा बिराजदारचं तोंड बघावं लागलं की माझा चहा बिघडतो. त्या दिवशी तर ती पेपरच्या पहिल्या पानावर होती. डोक्याएवढ्या हिरव्यागार ज्वारीत उभी, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि ते हसू! वसतिगृहात माझ्याच खोलीत राहायची तेव्हापासून तेच हसू. परीक्षेचा निकाल लागला की हसायची, पहिली तीच यायची, आणि वर मलाच म्हणायची, "शैले, तुझे पण चांगले पडलेत की गं."

आमचे नाना, म्हणजे माझे यजमान नागनाथ गावडे, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले पिढीजात ज्वारीवाले, बातमी मोठ्यानं वाचत होते.

"'पाण्याचा ताण सोसून महिनाभर जास्त हिरवी राहणारी ज्वारी. डॉ. बिराजदार यांच्या निभाव वाणाला यंदा परवाना मिळण्याची चिन्हं.' ऐकतेस का? बाई आहे का कोण आहे ही!"

"बाईच आहे. झोपेत घोरते."

"अगं, पण केवढं काम केलंय!"

"मग जा, आरती ओवाळा. तबक देऊ का?"

नाना हसले. त्यांना माझा जळफळाट पाठ आहे. पण त्यांचंही खरं होतं. आमच्या भागातली ज्वारी पूर्वी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर यायची. आता परतीचा पाऊस येतच नाही. डिसेंबर संपेपर्यंत रान भेगाळतं, पानं पिवळी पडतात, दाणा भरायच्या आत ताट वाळून जातं. दोन वर्षं आमच्याकडे ना धड ज्वारी झाली, ना कडबा. गोठ्यातल्या चार म्हशी विकून दोन राहिल्या होत्या. सगळा तालुका निभावकडे डोळे लावून बसला होता.

आणि निभावचं भवितव्य होतं माझ्या हातात! राज्याच्या जनुकपीक परवाना मंडळाची सोलापूरची प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. जनुकं बदललेलं कुठलंही वाण शेतकऱ्याच्या हाती जाण्याआधी माझ्या अहवालातून जातं. तीस वर्षं जिच्यामागं दुसरी आले, तिचा पेपर एकदाचा तपासायला मिळाला होता मला.

मी तो कसा वाचला असेल, सांगायला नको. सासू सुनेच्या भाकरीत खडा शोधते तसा. एकही खडा सापडेना, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

तिनं काय केलं होतं ते सांगते, म्हणजे माझं दुखणं कळेल. ज्वारीचं रोप कोवळं असताना विषारी असतं. आमच्याकडे त्याला किरळ म्हणतात. कोवळ्या फुटव्यात किंवा पाण्यावाचून खुरटलेल्या पिकात म्हैस घुसली, चार घास खाल्ले, की तिला धाप लागते आणि बघता बघता ती आडवी होते. त्या पानांत धुरिन नावाचं रसायन साठलेलं असतं. पान चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. रोपाचा तो बचाव. पीक मोठं होत जातं तसं धुरिन ओसरत जातं आणि पिकल्या दाण्यात ते नावालाही उरत नाही. म्हणून तर आपण पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाऊन जिवंत आहोत.

या धुरिनमध्ये नत्र असतं. पाणी तुटलं की पानाला नत्र पुरत नाही आणि ते पिवळं पडतं. पद्मीनं रोपाच्या जनुकांत दोन ठिकाणी फेरफार केला. ताण बसला की रोपानं धुरिनचा साठा वाढवायचा, मग तोच हळूहळू मोडून त्यातलं नत्र वापरायचं आणि पान हिरवं ठेवायचं. बाहेरून काही आणलं नाही. घरातलीच चीज, पण अडीनडीला कामाला लावलेली. काढणीपर्यंत साठा संपलेला असतो, हे तिनं तीन वर्षं वेगवेगळ्या रानांत मोजून दाखवलं होतं. कडबा निर्धोक. पिकला दाणा निर्धोक. भाकरी निर्धोक.

सुंदर काम होतं. इतकं सुंदर, की मला रडू आलं. हे मला का सुचलं नाही? किरळ लागून मेलेल्या म्हशी तिनं पुस्तकात वाचल्या होत्या, मी सासरच्या गोठ्यात बघितल्या होत्या.

त्यात नानांनी तिला हुरड्याला बोलावलं. मला न विचारता!

"अहो, तिचा अहवाल माझ्याकडे आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, गावड्यांकडे हुरडा चांगला असतो. मैत्रीण ना तुझी?"

आली. नानांनी विहिरीच्या पाण्यावर हुरड्यापुरत्या चार सऱ्या जगवल्या होत्या, साध्या आपल्या ज्वारीच्या. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटली होती. नाना कणसं निखाऱ्यात सरकवत होते, बाहेर काढून चटके सोसत तळहातावर चोळत होते, आणि फुंकर मारून हिरवा दुधाळ हुरडा पानावर ओतत होते. आमची साडेतीन वर्षांची नात, राही, आजोबांच्या मांडीला चिकटून थेट त्यांच्या तळहातातून खात होती. शेंगाचटणी, गूळ, दही. पद्मी मांडी घालून बसली आणि तिनं नानांना इतकं हसवलं, इतकं हसवलं, की माझ्याशी ते एवढं कधी हसलेत ते मी आठवत बसले.

"पुढच्या वर्षी निभावचा हुरडा खायचा, नाना," ती म्हणाली. "विहीर लागायची नाही. जिराईत रानातला."

"गोड लागतो का पण तुमचा? आमच्या ज्वारीसारखा?"

"काय माहीत! चाखायचीच बंदी ना. परवाना मिळेपर्यंत चाचणीच्या रानातला एक दाणा तोंडात घालता येत नाही. सगळं पीक पिकू द्यायचं, कापायचं, नमुने काढायचे, उरलेलं जाळून टाकायचं. तुमच्या बायकोच्या मंडळाचा नियम!"

सगळे हसले. मी नाही हसले. माझ्या हातातला हुरडा हातातच राहिला.

तिच्या चाचण्यांत रोप होतं, कडबा होता, पिकला दाणा होता. हुरडा कुठंच नव्हता. चाचण्यांचा आराखडा आला होता परदेशातून. तिथं ज्वारी जनावरं खातात नाहीतर पिठात जाते, हिरवं कणीस भाजून खाणारं त्यांच्यात कुणी नाही. आणि आमच्याकडे चाखायलाच बंदी, त्यामुळं हिरवा दाणा कुणी तोडलाच नव्हता. साठा काढणीपर्यंत संपतो हे खरं. पण हुरडा काढणीच्या कितीतरी आधीचा असतो. तेव्हा तो साठा कुठं असतो?

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? भीती नंतर वाटली, आधी आनंदच झाला. सापडला खडा!

दुसऱ्या दिवशी मी तिच्या चाचणीच्या रानात गेले. नमुने घ्यायचा अधिकार माझ्याकडे होताच. उशिरा पेरलेल्या पट्ट्यात कणसं अजून दुधात होती. काही मधल्या भागातली घेतली, काही उताराच्या टोकाची. तिथं मुरूम वर आलेला, ओल नावालाही नव्हती, आणि तरी ज्वारी हिरवीकंच उभी.

मधल्या कणसांत काही सापडलं नाही. टोकाकडच्या बहुतेक कणसांतही नाही. पण दोन कणसांत सायनाइड मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. मी पुन्हा तपासलं. एकाचा आकडा तसाच आला, दुसऱ्याचा निम्म्यावर उतरला. भाजून तपासलं. एका खेपेला बरंचसं उडून गेलं, दुसऱ्या खेपेला राहिलं, कारण हुरडा आपण वरवर भाजतो, आतून तो ओलाच असतो. दोन कणसं, एवढाच माझा पुरावा. तेवढ्यात पट्ट्यातली उरलेली कणसंही कडक झाली. त्या हंगामात आणखी काही मोजायला उरलं नाही.

हे दुसऱ्या कुणाचं वाण असतं, तर मी काय लिहिलं असतं? आकडे डळमळीत होते आणि मीही.

पद्मीला प्रयोगशाळेत बोलावलं. तिनं आकडे बघितले, चष्मा खाली ओढला, पुन्हा बघितले.

"दोन कणसं, शैले?"

"दोन."

"त्यातलं एक दुसऱ्यांदा निम्म्यावर आलं. ही उपकरणातली चूक असू शकते. किड्यानं कुरतडलेलं कणीस असू शकतं, जखम झाली की धुरिन वाढतं. मुरमाच्या त्या एका टोकावरून तू सगळा तालुका अडवणार?"

"असू शकते, म्हणतेस. नसूही शकते."

"अकरा वर्षं, शैले. अकरा वर्षं मी हे एकच काम केलंय. आणि यंदा परवाना अडला तर लोक पुन्हा जुनंच बी पेरतील आणि ते पुन्हा वाळणार. त्याचा धोका कोण मोजणार? तो तर पक्का आहे, तुझ्या दोन कणसांसारखा शंकेचा नाही."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. मग तिनं तो प्रश्न विचारलाच.

"एक खरं सांग. माझ्या जागी दुसरं कुणी असतं, तर तू हुरडा तपासला असतास?"

"नसता तपासला," मी म्हटलं.

ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "जळतेस तू माझ्यावर. पहिल्या वर्षापासून जळतेस. मला वाटायचं, वयानं जाईल."

घरी नानांचं आणखी वेगळंच.

"सगळं गाव म्हणतंय, गावडेबाईंच्या पोटात दुखतंय. पद्मताईंचं नाव झालं ते तुला बघवत नाही."

"नाहीच बघवत!" मी ओरडले. "मग? माझं पोट दुखतंय म्हणून त्या कणसातलं विष खोटं का?"

"दोनच कणसं ना ती?"

"दोनच. आगटीत तुम्ही किती टाकता? शंभर? दोनशे? तुम्ही भाजाल, चोळाल, आणि पहिला घास कुणाला द्याल ते सांगा मला."

नानांनी राहीकडे बघितलं. ती अंगणात कोंबड्यांच्या मागं लागली होती. त्या दिवसापासून त्यांनी पेपर मोठ्यानं वाचणं बंद केलं.

मी अहवालात लिहिलं: हुरड्याच्या अवस्थेतली सुरक्षितता अनिश्चित. एक हंगाम थांबून पुन्हा तपासणी करावी.

मंडळाचे अध्यक्ष डॉ. इनामदार भले गृहस्थ, कुणाला दुखवायचं त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी सुनावणी चाचणीच्या रानातच ठेवली, शेतकऱ्यांसमोर. लोक गाड्या भरभरून आले. माझ्याशी कुणी धड बोललं नाही. एका म्हातारीनं तर माझ्याकडे बघून बोटं मोडली.

पद्मी आली ती सरळ बांधाकडे गेली. तिथं तिनं आधीच आगटी पेटवून ठेवली होती! मधल्या तीन महिन्यांत तिनं मुरमाच्या त्याच टोकाला, उगवण्यापुरतं पाणी देऊन, मुद्दाम पुन्हा पेरलं होतं, आणि त्याची कणसं आता ऐन दुधात होती. हातात चार कणसं घेऊन ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"डॉ. गावडे यांना ज्या जागेची शंका आहे, तिथलीच ही कणसं," ती म्हणाली. "माझं वाण मी खाऊन दाखवते. नियम मोडल्याबद्दल मंडळानं मला काय हवी ती शिक्षा करावी."

टाळ्या पडल्या. इनामदारांनी "अहो बिराजदारबाई, अहो..." एवढंच म्हणून घेतलं. तिनं कणसं निखाऱ्यात खुपसली, काढली, आणि चोळायला लागली. तिला धड चोळता येत नव्हतं, हात भाजत होते, अर्धे दाणे खाली सांडत होते. उरलेले तिनं फुंकले. ओंजळभर हिरवा हुरडा.

मी बघत होते. तिनं खाल्लं आणि काही झालं नाही, तर मी जन्माची खोटी, जन्माची जळकी. आणि काही झालं, तर मी खरी! पहिल्यांदाच पद्मी खोटी आणि मी खरी. ती तिथं, त्या बांधावर कोसळावी, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. तिची ओंजळ तोंडाजवळ जाईपर्यंत मी ते वाटू दिलं.

मग माझी मलाच भीती वाटली! मी धावले आणि तिच्या हातावर फटका मारला. हुरडा मातीत उधळला. लोक ओरडायला लागले. "बघा, बघा! भ्याली! खोटं उघडं पडणार म्हणून भ्याली!"

"हो, भ्याले!" मी म्हटलं. माझा आवाज चिरकला होता. "पद्मे, तू खाल्लं असतंस आणि धडधाकट उभी राहिली असतीस, तर काय सिद्ध झालं असतं? बोल ना. तू मुलांना शिकवतेस. एका बाईनं एका वर्षी, एका आगटीतला एक घास खाल्ला. तू सत्तर किलोची. माझी नात चौदा किलोची आहे, आणि ती एका घासावर थांबत नाही. तू पडली नसतीस, तर या सगळ्यांनी आजच पोत्यानं बी मागितलं असतं. तू विज्ञान करतेयस का डोंबाऱ्याचा खेळ?"

तळहात लाल झाले होते तिचे. मला वाटलं, आता ही माझ्या थोबाडीत देणार. मी असते तर दिली असती.

ती खाली वाकली. मातीत सांडलेले दाणे एकेक करून वेचले, जवळच्यांना वाटलं आता ही ते खाणार, आणि तिनं ते माझ्या पुढ्यात धरले.

"पिशवी आहे का नमुन्याची?"

मी पर्समधून पिशवी काढून दिली. तिनं त्यात दाणे भरले. मग इनामदारांकडे वळून म्हणाली, "एक वर्ष थांबवा, सर. अर्ज मीच मागं घेते. हुरडा मोजल्याशिवाय मला परवाना नको."

नाना गर्दीत मागं उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

ते वर्ष कसं गेलं ते आमच्या तालुक्याला विचारा. पाऊस पुन्हा रुसला, जुनी ज्वारी पुन्हा वाळली, आमच्या गोठ्यात एकच म्हैस उरली आणि मला रस्त्यात शिव्या बसल्या. पण पद्मीनं सहा ठिकाणी निभाव पेरला, हुरड्याची कणसं हजारांनी मोजली. सगळी माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या शेजारी बसून. निकाल असा: ओल असेल तिथं हुरडा निर्धोक. कडक ताणात, जिथं निभावची खरी गरज होती तिथंच, दर काही कणसांमागं एकात धुरिन पानातून दाण्यात उतरतं, हुरड्याच्या दिवसांत टिकतं आणि पिकताना पुरावा न ठेवता निघून जातं. का, ते तिला अजून कळलेलं नाही. मलाही नाही. लहान मूल दगावलं असतं का? असतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. नसतं, असंही नाही.

तिनं निभाव मोडीत काढला. अकरा वर्षं, आणि वर ते एक.

आता नव्या नियमांनुसार राज्यातल्या प्रत्येक धान्यपिकाची हिरव्या अवस्थेतली तपासणी सक्तीची झाली आहे. हुरडा, ओले हरभरे, मक्याची कोवळी कणसं, सगळं. या तपासणीला नाव काय दिलं असेल मंडळानं? 'बिराजदार कसोटी'! स्वतःचं वाण स्वतः मागं घेणाऱ्या शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. पेपरात पुन्हा पहिल्या पानावर फोटो, पुन्हा ते हसू. माझं नाव आतल्या पानावर होतं, 'शैलजा गवळी' असं छापलेलं.

"अहो, बघा हे!" मी पेपर नानांच्या अंगावर फेकला. "खडा मी काढला आणि कसोटी हिची!"

नानांनी बातमी वाचली आणि माझ्यासाठी पुन्हा चहा टाकला. न सांगता. लग्नानंतर पहिल्यांदाच बहुतेक.

त्याच आठवड्यात ती घरी आली. केस पार पिकलेत तिचे आता. राहीनं तिच्या पिशवीत हात घातला, तर आत गूळ होता आणि एक जाडजूड फाइल.

"नवीन वाण," पद्मी म्हणाली. "या खेपेला साठा मुळात ठेवलाय, पानात ठेवलाच नाही. बरं आहे असं वाटतंय. माझे विद्यार्थी तर म्हणतात, उत्तम आहे. सगळेच म्हणतात."

"मग मला कशाला दाखवतेस?"

"म्हणूनच. सगळ्यांनी माझं नाव बघून वाचलंय गं. माझं वाईट चिंतून वाचणारं मला दुसरं कोण आहे?" तिनं चष्मा पुसला. "शैले, जळतेस ना अजून माझ्यावर?"

मी फाइल ओढून घेतली आणि पहिलं पान उघडलं. पहिल्याच ओळीत तिची ती युक्ती होती, मला कधी सुचली नसती अशी.

"त्याची काळजी तू करू नकोस," मी म्हटलं. "नाना, चहा टाका हो. हिला बिनसाखरेचा."